दवाखान्याची अक्षरं

३ फेब्रुवारी

ही डायरी ठकीला तिच्या कागदवाल्याने भेट दिली होती. तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, बाबा, तुम्हीच लिहा, डोक्यातलं थोडं इथे उतरलं तर मला कमी ऐकावं लागेल. थट्टाच होती, पण मनाला लागली. मी खरंच इतका बोलतो का? बायको होती तेव्हा तीही म्हणायची की तुमच्या काळजीला रविवार नसतो.

माझं शिक्षण पाचवीपर्यंत. पुढे सगळा जन्म एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवली. तिथे आकडे वाचता आले की भागत होतं. लिहिताना चुका होतील, पण हे वाचणार कोण म्हणा.

ठकी म्हणजे माझी मुलगी. चाळिशी उलटली तरी मी ठकीच म्हणतो. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा परत आली आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसली. ती अक्षरं काढते. कंपन्यांचे लोगो, दुकानांच्या पाट्या, वेबसाइटवरची अक्षरं. अक्षरं कुणीतरी काढावी लागतात हे मला आधी ठाऊकच नव्हतं, मला वाटायचं ती असतातच. एकेका अक्षरावर ती दोन-दोन दिवस बसते. बायको चहा घेऊन जायची आणि विचारायची, "अगं, त्या क्षला अजून उतार पडला नाही का?"

आता तिला मोठं काम मिळालंय. चौकापलीकडे जो म्हाताऱ्यांचा दवाखाना आहे त्याची नवी वेबसाइट, लोगो, भिंतीवरच्या पाट्या, सगळ्यासाठी एकाच घराण्यातली अक्षरं. एवढं जमलं तर त्यांच्या बाकीच्या शाखाही तिलाच मिळतील. गेल्या वर्षभरात तिची दोन गिऱ्हाइकं सुटली. का ते मला सांगितलं नाही.

एक गोष्ट मनाला खाते. हल्ली ती बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाही. कानाकडे बघते. माझं काहीतरी चुकलंय.

६ फेब्रुवारी

आज जे ऐकलं ते ऐकायला नको होतं. ती थोरल्याशी फोनवर बोलत होती. थोरला म्हणजे माझा मुलगा, दुसऱ्या गावी असतो. दार लोटलेलं होतं. ती म्हणाली, "बाबांना इतक्यात काही सांगू नकोस. एकदा नक्की कळू दे, मग बाबांचं काय करायचं ते ठरवू."

माझं काय करायचं! मी काय जुनं कपाट आहे?

थोरल्याकडे पाठवायचा बेत दिसतो. सूनबाई चांगली आहे, पण तिथे मी पाहुणा असतो. पाणी हवं असलं तरी कुणी उठेल का म्हणून वाट बघतो. इथे मला कपबशा कुठे आहेत ते माहीत आहे.

हल्ली माझं विसरणं वाढलंय का? परवा गॅस चालू राहिला होता. मला वाटतं मीच ठेवला. ठकी म्हणते तिने ठेवला, पण ते मला बरं वाटावं म्हणून.

९ फेब्रुवारी

परीक्षा सुरू झाली. तिने मला पुढच्या खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर चार ओळी दाखवल्या. म्हणाली, हे म्हाताऱ्या माणसांना वाचता आलं पाहिजे, आणि माझ्याकडचा म्हातारा तुम्हीच. तुम्ही वाचा, मी वेळ बघते.

ओळी दवाखान्याच्या होत्या. रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी यावे. जुने कागद सोबत आणावेत. तशाच आणखी दोन. मी रक्ततपासणीपाशीच अडकलो. एवढं जोडाक्षर सकाळी सकाळी. ती म्हणाली, "सावकाश बाबा," पण फोनवरचं घड्याळ पळताना मला दिसत होतं. पाचवीतल्या मास्तरांसमोर उभा आहे असं वाटलं. मी सगळं वाचलं, पण जिना चढल्यासारखी धाप लागली.

अक्षरांचं वगैरे निमित्त आहे. तिला बघायचंय की म्हाताऱ्याचं डोकं कुठवर चालतंय. थोरल्याला कळवायला.

१० फेब्रुवारी

ठकी बाहेर गेली होती. तो चार ओळींचा कागद टेबलावरच होता. अक्षर अक्षर लावून वाचला, मग पाठ करून टाकला. शाळेतही मी असंच करायचो. धडा पाठ असला की पुस्तक उलटं धरलं तरी चालतं. दुपारपर्यंत चारही ओळी तोंडात बसल्या. लिफ्टमध्ये मजले म्हणायचो तशा.

१२ फेब्रुवारी

पहिला नंबर! आज तिने निराळी अक्षरं दाखवली, पण ओळी त्याच. मी घडाघडा म्हटल्या. ती म्हणाली, "अरे वा, यात तर एकदम सुधारलात." मग आणखी बारीक केली, तीही म्हटली. ती कागदावर खुणा करत होती. नाक जवळजवळ कागदाला लागलं होतं.

मजा म्हणजे सगळं संपल्यावर चष्मा शोधू लागलो तर तो कपाळावर. म्हणजे मी चष्म्याशिवायच वाचत होतो आणि ती समोर बसून तिच्या लक्षात आलं नाही. कामात किती गुंग असते पोर.

१३ फेब्रुवारी

कंबर. बाकी काही नाही.

१७ फेब्रुवारी

दवाखान्याच्या मॅनेजरबाईंचा फोन येऊन गेला. ठकीचा आवाज चढला होता. नंतर मला समजावून सांगितलं, ते बरं वाटलं. बाईंना नाजूक अक्षरं हवीत, केसासारखी. जाड अक्षरं त्यांना जुन्या कचेरीच्या दारावरची वाटतात. ठकीचं म्हणणं, म्हाताऱ्यांना जाडच हवीत, आत भरपूर मोकळी जागा असलेली. शेवटी असं ठरलं की म्हाताऱ्यांकडून वाचून घ्यायचं आणि वाचता आली तर नाजूक. म्हातारे म्हणजे मी.

मी विचारलं, "एवढ्या मोठ्या गोष्टीत माझ्या एकट्याचं काय?" ती म्हणाली की आणखी दोघांना विचारायचं होतं, पण हल्ली तिला बाहेर फिरणं जमत नाही. फारच थकते.

मग नाजूक अक्षरं दाखवली. खरं लिहायचं तर पडद्यावर कोळ्याचं जाळं होतं. मी ओळी म्हणून टाकल्या.

"हे वाचलंत?" तिने विचारलं.

"वाचलं की."

"नक्की ना बाबा? तुम्ही सांगाल तसं करणार आहे मी."

मी म्हणालो, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. ती बराच वेळ पडद्याकडे तोंड करून बसली. मान तिरकी, पाखरू दाणा बघतं तशी. मग म्हणाली, "मग मीच चुकत असेन."

मला वाटलं होतं ती खूश होईल.

२१ फेब्रुवारी

मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. टॅक्सीत बसेपर्यंत सांगितलंही नाही. आधी ती एकटीच आत गेली आणि फार वेळ आली नाही. माझ्याबद्दलच बोलणं चाललं असणार. मी भिंतीवरचा तक्ता लांबून पाठ करायला लागलो, पण तो आतल्या खोलीत निराळा निघाला. मला पाच मिनिटांत सोडलं. वयाच्या मानाने उत्तम, डॉक्टर म्हणाले. वयाच्या मानाने म्हणजे काय ते आपण समजायचं.

बाहेर आल्यावर ठकी एका बाईच्या मांडीवरच बसणार होती. खुर्ची रिकामी वाटली म्हणाली. बाई रागावल्या. ठकी इतकी ओशाळली की मलाच वाईट वाटलं. माझ्या काळजीने तिचं चित्त ठिकाणावर नाही. परत येताना ती खिडकीबाहेर बघत होती. मी एकदा हात तिच्या हातावर ठेवला, तिने काढला नाही.

२ मार्च

वेबसाइट सुरू झाली. मॅनेजरबाईंनी फुलं पाठवली. ठकीने फुलं हुंगली आणि रंग कोणता आहे ते मला विचारलं. पिवळी, मी सांगितलं. तिने संध्याकाळी जेवायला बाहेरून मागवलं. चहा ओतताना कप भरून वाहायला लागला तरी ओततच राहिली. मी काही बोललो नाही, हल्ली मीही पुष्कळ सांडतो.

माझ्यामुळे काम झालं असं ती थोरल्याला फोनवर म्हणाली. हे मी दाराआडून ऐकलं नाही, माझ्यासमोर म्हणाली. आता मला कुठे पाठवणार नाहीत.

९ मार्च

खाली शिंप्याच्या दुकानात बसलो होतो. शिंपी माझ्याच वयाचा, सुईत दोरा अजून स्वतः ओवतो आणि ओवला की आजूबाजूला बघतो, कुणी पाहिलं का म्हणून. आज तो भडकला होता. दवाखान्याची वेळ फोनवर बघितली, त्याला मंगळवार वाटला, गेला तर डॉक्टर शनिवारचे. फोन हातभर लांब धरून मला दाखवत म्हणाला, "हे बघ. माणसाने लिहिलंय की मुंगी शाईत बुडून चालत गेलीय?"

तिथल्या बाकावरच्या दोघांनीही बघितलं. एकाला नऊचा आकडा दिसला, दुसऱ्याला काहीच नाही. शिंपी म्हणाला, ज्याने ही अक्षरं केली त्याला एकदा त्याच्याच पाट्या वाचायला बसवा.

मी म्हणालो नाही की माझ्या मुलीने केलीत. घरी जायचं कारण काढून उठलो.

मग मी ठकीचा फोन घेतला, न्हाणीघरात नेला आणि ती वेबसाइट उघडली. पहिल्यांदाच खरी वाचायला गेलो. माझ्या चार ओळी होत्या म्हणून ओळखू आल्या. त्यांच्या खालची पाचवी ओळ मला लागली नाही.

११ मार्च

मॅनेजरबाई घरी आल्या. रागातच आल्या होत्या, पायऱ्यांवरच कळलं. सकाळपासून फोन वाजताहेत म्हणाल्या, कुणी चुकीच्या दिवशी येतंय, कुणी जेवून येतंय. "मी नाजूक म्हटलं होतं, मान्य. पण वाचता येतंय असं लेखी तुम्ही दिलंत," असं म्हणून त्यांनी आपला फोन ठकीच्या तोंडासमोर धरला. "तुम्हीच वाचून दाखवा."

ठकीने फोन हातात घेतला. डावीकडे नेला, उजवीकडे नेला, मान फिरवली. कितीतरी वेळ. बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी फोन अलगद काढून घेतला आणि खुर्चीत बसल्या. नंतर एकदम मऊ बोलल्या. महिन्याभराने बघू, घाई नाही, असं काहीबाही.

मला वाटलं मी दिलेला चहा चांगला झाला होता म्हणून. जाताना बाई मला म्हणाल्या, "काका, जपा हं." मी म्हणालो, जपतोच, कंबर सोडली तर बरा आहे.

१२ मार्च

मी मूर्ख आहे.

ठकीने आज सांगितलं. मला समोर बसवलं आणि माझ्या कानाकडे बघत सांगितलं. तिच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याला काहीतरी झालंय. चष्म्याने जात नाही, ऑपरेशन नाही. जिथे बघावं तिथेच मधोमध डाग येतो, आणि तो वाढतोय. कडेकडेचं दिसतं. दोन वर्षं झाली. अक्षर बघायला गेलं की अक्षरच नाहीसं होतं, त्याच्या आजूबाजूचा कागद तेवढा दिसतो.

त्या दिवशीचा डॉक्टर तिचा होता. मला तिने सोबतीला नेलं होतं.

कानाकडे बघते म्हणून मी महिनाभर कुढत होतो. कानाकडे बघितलं तरच तिला माझं तोंड दिसतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुमच्या काळजीकडे बघायला मला आणखी दोन डोळे लागले असते." हसत म्हणाली. मी पंख्याकडे बघत बसलो.

१४ मार्च

 ठकी दिवसभर एकच म्हणते, मी केलीच कशी अशी अक्षरं, मला कळायला हवं होतं, हात तर शाबूत आहे. तिला वाटतंय तिची अक्कल गेली. गेलेली नाही. ती जाडच म्हणत होती. मी गप्प बसलो तर माझी अब्रू राहते आणि तिचा जीव जळतो. सांगितलं तर माझ्यावर कायमचा विश्वास उडेल, आणि आता तिला माझ्यावरच तर विसंबायचंय. दुपारी सांगितलं.

"मी वाचत नव्हतो. पाठ केलं होतं."

"काय पाठ केलं होतं?"

"त्या ओळी. दुसऱ्या खेपेपासून."

 मग तिने का ते विचारलं. मी म्हणालो, मला वाटलं तू मला थोरल्याकडे पाठवशील. नापास झालो तर.

खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, ते थांबलं, पुन्हा सुरू झालं. ठकी म्हणाली, "म्हणजे बाबा, ती अक्षरं कुणीच पाहिली नव्हती."

आणि हसायला लागली. मीही थोडा हसलो. मग माझ्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

२२ मार्च

थोरला येऊन गेला. दोघंही माझ्याकडे चला म्हणाला, इथलं आवरा. ठकी नको म्हणाली. इथे तिला भिंती पाठ आहेत, दारं पाठ आहेत, तिकडे पहिलीपासून सुरुवात करावी लागेल. आवाज वाढले. मी मध्ये पडून म्हणालो, मी आहे ना इथे.

थोरला वाईट मुलगा नाही. पण म्हणाला, "बाबा, तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तुम्ही तिला सांभाळणार की ती तुम्हाला? आणि पुढे?"

मी चहा टाकायला उठलो. 

५ एप्रिल

मॅनेजरबाईंनी शब्द पाळला, पुन्हा एकदा करून बघा म्हणाल्या. ठकी कामाला लागलीय. जाड अक्षरं, मोकळ्या पोटाची. एक अक्षर पडद्याएवढं मोठं करते आणि त्याच्या कडेकडेने फिरते, अंधारात खोली चाचपावी तशी. मला रोज नव्या ओळी वाचायला देते, वर्तमानपत्रातल्या, म्हणजे पाठ करायची सोयच नाही. मी अडखळतो, धापा टाकतो. ती घड्याळ लावत नाही. काल एक शब्द लावायला मला इतका वेळ लागला की ती म्हणाली, "बाबा, शाळेत तुमचे मास्तर जेवून परत येत असतील तुमची ओळ संपेपर्यंत."

पुष्कळ दिवसांनी घर बरं वाटतंय.

१६ एप्रिल

आज तिने पूर्ण शब्द मांडून दाखवला. पाच अक्षरं. माझ्याकडे न बघता, म्हणजे माझ्याकडे बघत, विचारलं, कसं वाटतं?

वाचता येत होतं. मला एका दमात आलं. पण वरची रेघ, सगळ्या अक्षरांच्या डोक्यावरून जाते ती, मधल्या अक्षरापाशी चढत होती आणि पुढे पुन्हा उतरत होती. पायरीसारखी. लहानशी. न सांगितली तर चालली असती का? चालली असती, पण मॅनेजरबाईंना दिसली असती, शिंप्यालाही दिसली असती.

मी सांगितलं.

"कुठे?" तिने विचारलं. मी तिचं बोट धरून पडद्यावर ठेवलं. "इथे."

तिने अक्षर मोठं केलं, अजून मोठं केलं. मान या बाजूला, त्या बाजूला. रेघ सगळा पडदाभर झाली, पायरी विटेएवढी झाली. "नाही दिसत," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "इथे? बाबा, इथे ना?" मी हो म्हणालो.

तिने माऊस बाजूला ठेवला. कॉम्प्युटर बंद केला आणि दोरीवरून काढून आणलेले कपडे तिथेच बसून घड्या घालायला लागली, कडा अगदी जुळवून.

दुपारी तिने स्वतःच मॅनेजरबाईंना फोन केला. दुसऱ्या कुणाला द्या म्हणाली. दोन नावंही सुचवली, आणि मोकळी पोटं ठेवा, बारीक करू नका, हे त्यांना माझ्यातर्फे सांगा म्हणाली. आवाज कामाचा होता. मी स्वयंपाकघरात उभा होतो.

खोटं बोललो तेव्हा तिचं काम गेलं. खरं बोललो तेव्हाही गेलं. कोणी शहाण्याने मला सांगावं मी काय करायला हवं होतं.

२८ एप्रिल

कॉम्प्युटर टेबलासकट एका मुलीने विकत नेला. पुढच्या खोलीत टेबलाचे चार ठसे राहिले आहेत. ठकी तिथून जाताना अजून वळसा घालून जाते.

१९ मे

माझ्या रक्ततपासणीसाठी दवाखान्यात गेलो. दोघंही. नवी अक्षरं लागली आहेत, दारापाशी भिंतीवर, उठावाची, हाताला लागतील अशी. मी तिला दुसऱ्या दाराने न्यायला बघत होतो, पण कुणीतरी बाई आपल्या नवऱ्याला पाटी मोठ्याने वाचून दाखवत होती, ते ठकीने ऐकलं आणि थांबली.

मग तिने हात लावला. पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली, वळणावळणाने. लोक बाजूने जात होते.

"कशी आहेत?" तिने विचारलं.

मला अक्षरांबद्दल बोलायला येत नाही. जाड आहेत, मी म्हणालो. एकमेकांना न चिकटता उभी आहेत.

"वरची रेघ?"

"सरळ आहे."

"आणि क? त्याचं पोट?"

"गोल. आत्ताच जेवून उठल्यासारखं."

ती थोडी हसली. बोट त्या पोटात फिरवत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगली आहेत?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला कळलं नाही. बायको असती तर तिला कळलं असतं. मी चष्मा नीट बसवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ती पाटी पुन्हा वाचली.

"वाचता येतात," मी म्हणालो.

तिने मान हलवली. हात थोडा वेळ तिथेच राहिला, मग काढला आणि ओढणीला पुसला. "मग बरोबर आहे," म्हणाली. "चला, तुमचा नंबर जाईल."

हात धरलेला तिला आवडत नाही. म्हणून मी एक पाऊल पुढे चाललो, चपला घासत, म्हणजे मी कुठे आहे ते तिला कळावं.